मुंजीच्या दुसऱ्या दिवशीचा नाश्ता: पफचे तिखटमिठाचे रोल आधी कितपत करून ठेवता येतील?

चिंचगूळ

मंडळी, मे महिन्यात घरी मुंज आहे, शनिवारी. कार्यालयातलं सगळं आचाऱ्याकडे सोपवलंय, त्यामुळे ती चिंता नाही. प्रश्न आहे रविवार सकाळचा. मुक्कामाला पंधरा माणसं. आदल्या दिवशीच्या दगदगीनं कोणी आठला उठेल, कोणी दहाला. पोहे केले तर उशिरा येणाऱ्याला गार मिळणार, नाहीतर मी सकाळभर कढईपाशी.

म्हणून डोक्यात आलंय की बाजारात गोठवलेल्या पफच्या शीट मिळतात त्या आणाव्यात, आत तिखटमिठाचं सारण भरून रोल करावेत आणि सकाळी नुसते भाजावेत. सोबत चटणी, फळं, चहा-कॉफी. झालं.

अडचणी अशा: (१) ओटीजी (ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन) २८ लिटरचा आहे, पंखा नसलेला. (२) आत्येसासूबाई आणि त्यांच्या जाऊबाई कांदा-लसूण खात नाहीत, अंडं तर नाहीच. (३) पुण्यातला मे महिना. (४) शनिवारी रात्री माझ्या अंगात काही करायची ताकद उरलेली नसेल.

आधी किती करून ठेवता येईल? आणि सारण कसलं भरू, म्हणजे खालची बाजू गिच्च होणार नाही?

आपटे_रोड

सरळ बेकरीतून पॅटिस आणा की हो ताई. आपटे रस्त्यावर संतोष बेकरी असताना पुण्यात कोणी घरी पफ का भाजावेत, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. पंधरा माणसांना तीस पॅटिस, विषय संपला.

चिंचगूळ

@आपटे_रोड, पॅटिस आवडतातच. पण आम्ही सिंहगड रस्त्याच्या पार टोकाला राहतो. तिथून गरम आणलेले पॅटिस घरी येईपर्यंत पिशवीतच घामेजतात. शिवाय आत कांदा असतोच.

ओव्हनवाली

मी डोंबिवलीत घरून बेकिंगच्या ऑर्डरी घेते. असे रोल वाढदिवसांना आणि ऑफिसांतल्या सकाळच्या बैठकांना बरेच जातात. जरा सविस्तर लिहिते.

आधी हिशोब. शीट साधारण २४ सेंटिमीटर चौरस धरा (पाकिटागणिक फरक पडतो). मधोमध कापली की २४ × १२ च्या दोन पट्ट्या. प्रत्येक पट्टीच्या लांब कडेशी सारणाची वळकटी ठेवायची, साधारण दीडशे ग्रॅम, अंगठ्यापेक्षा थोडी जाड. दुसऱ्या कडेला पाण्याचं बोट फिरवायचं, गुंडाळायचं, जोड खाली येईल असं ठेवायचं. मग धारदार सुरीने सहा-सहा सेंटिमीटरचे तुकडे. एका शीटचे आठ रोल. चार शीट घेतल्या की बत्तीस, म्हणजे माणशी दोन आणि वर दोन. सारण एकूण सव्वा किलोच्या आसपास लागेल.

सुरी दाबून खाली न्यायची, करवतीसारखी पुढेमागे ओढायची नाही. ओढलीत तर कडेचे पदर एकमेकांना चिकटतात आणि तिथे फुलत नाही. वरून दूध किंवा अंडं लावतानाही तेच: कापलेल्या कडेवरून ओघळ जाऊ द्यायचा नाही, वाळला की तो पदरांना डिंकासारखा धरून ठेवतो. प्रत्येक रोलवर दोन तिरके छेद द्या, वाफेला वाट हवी. नाही दिलेत तर वाफ जोडातून बाहेर पडते आणि रोल उकलतो.

आता आधी करून ठेवण्याचं. शुक्रवारी रोल पूर्ण तयार करा, कच्चेच, वरून काही न लावता. ताटात सुटे सुटे ठेवून फ्रीझरमध्ये तीन-चार तास कडक होऊ द्या, मग पिशवीत भरा. शनिवारी फ्रीझर उघडायचासुद्धा नाही. रविवारी सकाळी ओटीजी २२० अंशांवर पंधरा मिनिटं तापवा, रोल फ्रीझरमधून थेट ट्रेवर, वरून दूध लावा, तीळ भुरभुरवा, २०० अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटं. वितळायला बाहेर ठेवू नका. मे महिन्यात ओट्यावर पंधरा मिनिटांत ते लिबलिबीत होतील.

आणि आत्ताच एक गोष्ट लक्षात घ्या. २८ लिटरच्या ओटीजीत एका वेळी आठ, फार तर दहा रोल नीट भाजले जातात. पंखा नाही, म्हणजे दोन थाळ्या वरखाली लावायच्या नाहीत. वरची करपते, खालची पांढरी राहते. म्हणजे तुमच्या चार खेपा, पावणेदोन-दोन तास. तुमच्याकडे माणसंच मागेपुढे उठणार आहेत म्हणून हे जमून जाईल. सगळे एकदम नऊ वाजता पानावर बसणार असते तर मी हा बेत करू दिला नसता.

न्यूजर्सी_माई

ओव्हनवालीताईंना +१. इकडे पेपरिज फार्मच्या शीट मिळतात, पाकिटात दोन, तीन घड्या घातलेल्या. घडी उघडताना तडा गेला तर समजायचं शीट अजून गार आहे, पाच मिनिटं थांबायचं. आणि उघडताना चिकटायला लागली तर परत फ्रिजमध्ये. या दोन्हींच्या मधल्या दहा मिनिटांत सगळं काम उरकायचं असतं, म्हणून सारण, सुरी, पाण्याची वाटी सगळं आधी हाताशी घेऊन मगच शीट बाहेर काढते. एकेकच काढायची.

इकडे दिवाळीच्या पॉटलकला बटाट्याची सुकी भाजी भरलेले रोल सगळ्यात आधी संपतात. मुलांना बटाटेवडा म्हटलं की तोंड वाकडं, तीच भाजी यात भरली की चालते!

पोळीभाजीवादी

मैदा, त्यात चरबी, वर पुन्हा बटाटा. मुंजीनंतर बटूला आणि पाहुण्यांना हे खायला घालायचं? गव्हाच्या पोळीचा रोल करा, आत भाजी भरा, तव्यावर शेका. पौष्टिक आणि गरम.

आपटे_रोड

आदल्या दिवशी जिलबी आणि मठ्ठा हाणलेल्या माणसांना दुसऱ्या दिवशी पौष्टिक?

चिंचगूळ

@पोळीभाजीवादी, पंधरा माणसांना तव्यावर रोल शेकायचे म्हणजे मी पुन्हा ओट्यापाशीच. मुळात तेच टाळायचंय :)

@ओव्हनवाली, खूप आभार. खेपांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता सारणाचं सांगा ना.

ओव्हनवाली

सारणाला दोनच अटी. कोरडं आणि गार. चव कुठलीही चालेल.

कोरडं कितपत? परतून झालं की चमचाभर सारण कागदी नॅपकिनवर ठेवा आणि पाच मिनिटं विसरून जा. उचलल्यावर कागदावर तेलाचा पुसट डाग चालेल. पण कागद ओला होऊन ताटाला चिकटला असेल तर परत कढईत घाला. ही परीक्षा मी प्रत्येक सारणाला लावते. जिभेला कोरडं लागणारं सारणसुद्धा आतून पाणी सोडतं, कोबी आणि पनीर तर हमखास.

गार म्हणजे खोलीच्या तापमानाचं नाही, फ्रिजमधलं गार. कोमट सारण ठेवलं की पट्टीतलं लोणी ओव्हनमध्ये जायच्या आधीच पाघळतं, कणकेत मुरतं आणि मग पदर कुठले उरायला.

तुमच्यासाठी दोन सारणं सुचवते.

पहिलं, कांदा-लसूण नसलेलं: मटार करंजीचं सारण. मे महिन्यात ओले मटार कुठले, गोठवलेले अर्धा किलो घ्या. वितळवून निथळा, मिक्सरला भरडसर फिरवा, लगदा नको. दोन टेबलस्पून तेलात जिरं, सढळ हाताने हिंग, आलं-हिरवी मिरची. त्यात मटार घालून मोठ्या आचेवर परतत राहा, झाकण अजिबात ठेवायचं नाही. तळाला किंचित लागायला लागले की आच कमी. मग मूठभर ओलं खोबरं, मीठ, साखर, कोथिंबीर, लिंबू. शेवटी दोन टेबलस्पून भाजलेला बारीक रवा. रवा उरलीसुरली ओल शोषून घेतो आणि चवीत कळतही नाही. हे सोळा रोलना पुरेल. कमी वाटलं तर एक उकडलेला बटाटा किसून मिसळा.

दुसरं, बाकीच्यांसाठी: बटाटा-पनीर-कांदा. बटाटे उकडून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, मग किसा. कांदा वेगळा परतून चांगला तांबूस करा, त्याचं पाणी कढईतच संपलं पाहिजे. पनीर किसून कापडात पिळा. त्यात जिरेपूड, लाल तिखट, थोडी बडीशेप, आमचूर. टोमॅटो नाही. केचपसुद्धा आत नाही.

ओळख पटायला मटारवाल्यांवर पांढरे तीळ आणि कांदावाल्यांवर कांद्याचं बी. म्हणजे आत्येसासूबाईंना विचारत बसावं लागणार नाही.

रसायन

छान चाललाय धागा. थोडी भर घालतो, कारण खाली गिच्च का होतं ते कळलं की उपाय आपोआप सुचतात.

पफमध्ये बेकिंग पावडर नसते, यीस्ट नसते. फुलवते ती फक्त वाफ. कणीक आणि लोणी यांचे एकाआड एक थर असतात. अभिजात पद्धतीत तिहेरी घडी सहा वेळा घालतात, म्हणजे लोण्याचे थर होतात ३ चा सहावा घात, ७२९. ओव्हनमध्ये लोणी वितळतं, कणकेतल्या पाण्याची वाफ होते, चरबीच्या थरामुळे ती सहज निसटू शकत नाही आणि वरचा पदर उचलते. तेवढ्यात कणीक भाजून ताठ होते आणि उचललेला पदर तसाच राहतो. म्हणून ओव्हन पहिल्यापासून कडक तापलेला हवा. मंद ओव्हनमध्ये लोणी आधी वाहून जातं आणि वाफ नंतर येते.

खालच्या बाजूचं दुखणं असं की वर सारणाचं वजन, खाली गार ट्रे. त्यामुळे तिथे वाफ होण्याइतकी उष्णता वेळेत पोचतच नाही. उपाय: रिकामा ट्रे ओव्हनमध्येच तापत ठेवा, रोल बेकिंग पेपरवर मांडा आणि कागदासकट तापल्या ट्रेवर सरकवा. शेवटची पाच मिनिटं ओटीजीचा फक्त खालचा रॉड चालू.

लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं. पुण्यात मे महिन्यात दुपारी स्वयंपाकघर त्याहून गरम असतं. त्यामुळे भरण्याचं काम शुक्रवारी भल्या सकाळी करा, किंवा एसीच्या खोलीत टेबल मांडून करा. चेष्टा नाही, खरंच सांगतोय.

काकू_सातारा

मला एक सांगा, हे म्हणजे आपलं साट्याचंच ना? चिरोट्याला तीन पोळ्या लाटायच्या, मध्ये तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा फासायचा, घट्ट वळकटी करायची, कापायचं, पुन्हा लाटायचं. साट्याच्या करंज्यांना असेच पापुद्रे सुटतात. मग बाजारची शीट हवी कशाला? मी साट्याच्या पारीत मटारचं सारण भरून लांबट रोल करते आणि तळते. सुरेख होतात. ओव्हनमध्ये मात्र कधी घातले नाहीत. चालतील का?

रसायन

काकू, तत्त्व तेच. फरक दोन ठिकाणी. साटा तुपाचा, आणि तुपात पाणी नसल्यातच जमा. लोण्यात ते साधारण १६ टक्के असतं, म्हणजे लोणी स्वतःचीही थोडी वाफ करतं. दुसरं, साट्याचे पदर मोजके आणि जाड, पफचे शेकड्यांनी आणि कागदासारखे पातळ. त्यामुळे साट्याचे रोल ओव्हनमध्ये फुलून दुप्पट होणार नाहीत, पण खुसखुशीत नक्की होतील. वरून तुपाचा हात फिरवा आणि १८० अंशांवर जरा जास्त वेळ भाजा.

ओव्हनवाली

@रसायन, लोण्यातल्या पाण्याला इतकं महत्त्व देऊ नका. बेकरीतल्या कोरड्या चरबीचे पफसुद्धा टम्म फुगतात, तिथे सगळी वाफ कणकेचीच. साट्यात खरा फरक पाडते ती तांदळाची पिठी. ती पदर वेगळे ठेवते. वरून कणकेला मोहन घातलं की ती खुसखुशीत होते, पण ताणली जात नाही. पफच्या कणकेला ताण लागतो, तो पदर उचलून धरायला.

काकू, तुमचे रोल मी ओव्हनमध्ये करून देते कधीकधी. मोहन जवळजवळ काढून टाकायचं, बस. आणि चव? साट्याचीच सरस, पफच्या शीटला तुपाचा वास कुठून येणार.

काकू_सातारा

करून बघते आणि सांगते. नातवाच्या ओव्हनला एवढं तरी काम.

लीड्सकर

इकडे इंग्लंडात हाच पदार्थ सॉसेज रोल म्हणून सकाळी रस्त्यारस्त्यांवर विकला जातो. ऑफिसला जाणारे कागदी पिशवीतला गरम रोल चालता चालता खातात, पुण्यात वडापाव खातात तसाच. आत पोर्कचा मसाला, सेज नावाचा पाला, मिरपूड, बाहेर पफ. ख्रिसमसच्या पार्ट्यांत तर छोटे रोल ढिगानं. ग्रेग्ज या बेकरीच्या साखळीने जानेवारी २०१९ मध्ये याचा व्हेगन अवतार काढला. टीव्हीवर त्यावरून वादावादी झाली आणि त्यामुळे तो आणखीच खपला.

आमच्याकडे शाकाहारी पाहुण्यांसाठी मी मश्रूमचं करतो. मश्रूममध्ये ९० टक्क्यांहून जास्त पाणी, त्यामुळे बारीक चिरून, आधी तेल न घालता कोरड्या तव्यावर मोठ्या आचेवर. पाणी सुटतं, मग आटतं, मग चुरचुर आवाज येतो. त्या आवाजानंतरच लोणी, लसूण, मिरपूड. अर्धा किलोचे कसेबसे वाटीभर होतात. मग त्यात ब्रेडचा चुरा आणि कुटलेले अक्रोड.

अंड्याबद्दल: इथल्या जस-रोलच्या साध्या शीट वनस्पती तेलाच्या असतात, त्यात दूध-अंडं नसतं. भारतातल्या पाकिटांवरही काय लिहिलंय ते बघून घ्या, आत्येसासूबाईंसाठी महत्त्वाचं.

चिंचगूळ

पाकीट बघितलं. अंडं नाही. 'खाद्य वनस्पती चरबी' लिहिलंय, लोणी नाही. हे वाईट का?

रसायन

वाईट असं नाही, वेगळं. पफसाठीचं मार्जरीन, म्हणजे हीच वनस्पती चरबी, लोण्यापेक्षा जास्त तापमानाला वितळतं, ४० च्या वर. म्हणून आपल्या हवेत कारागिराला ते सोपं पडतं आणि फुलतंही झकास. पण तोंडात पूर्ण विरघळत नाही, टाळूला मेणचट थर राहतो. गरम खाल्लं तर फारसं जाणवत नाही, गार झालं की जाणवतं.

ट्रान्सफॅटबद्दल कोणी घाबरवेल म्हणून आधीच: भारतात तेल-चरबीतल्या ट्रान्सफॅटची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली आहे. पूर्वीच्या वनस्पती तुपाचे दिवस गेले. सॅच्युरेटेड फॅट मात्र भरपूर असतं, ते लोण्यातही असतं. रोज खायचा पदार्थ नाहीच हा.

पोळीभाजीवादी

शेवटचं वाक्य मान्य.

पणजीकर

गोंयांतून नमस्कार. शाकाहारी धाग्यात घुसतोय, माफ करा, पण इतर वाचकांना उपयोग होईल. इथल्या बेकऱ्यांत चिकन, मश्रूम, बीफ असे पॅटीस सकाळपासून मिळतात. घरी मात्र चोरीस भरून रोल करून बघाच. मिरची आणि व्हिनेगरमध्ये मुरवून वाळवलेले, माळेत ओवलेले छोटे सॉसेज. सालं काढून आतलं मांस थोड्या पाण्यात शिजवायचं, पाणी आटलं की ते स्वतःच्याच चरबीत तळलं जातं. ती लाल चरबी गाळून काढा आणि वेगळी ठेवा, दुसऱ्या दिवशी अंड्याला वापरा. रोलमध्ये गेली तर खालचा पदर तळल्यासारखा जड होतो. उरलेल्या मांसात तेवढाच उकडलेला बटाटा कुस्करायचा. मीठ घालायच्या आधी चाखून बघा, चोरीस मुळात खारट असतं. ब्रंचला सोबत थंड बियर, पण मुंजीच्या घरात नको!

आपटे_रोड

@पणजीकर, पुण्यात चोरीस कुठे मिळेल? (अवांतर आहे, पण आता राहवत नाही.)

पणजीकर

गोव्याहून येणाऱ्या माणसाच्या बॅगेत.

फ्रँकफुर्ती

इथे तुर्की बेकऱ्यांमध्ये सकाळी ब्योरेक मिळतं. युफ्का नावाच्या पातळ पोळीत फेटा चीज आणि पार्सली भरून विडीसारखे बारीक रोल करतात आणि तळतात. जाड प्रकारात पालक-चीज भरून ओव्हनमध्ये. ज्यांना पफच्या शीट मिळत नाहीत त्यांनी समोसा पट्टी वापरा: दोन पट्ट्यांना मधे तेलाचा हात, आत पनीर-पालक-मिरपूड, बारीक रोल, वरून पुन्हा तेल, १९० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं. पदर नाहीत, पण कुरकुरीतपणा भरपूर. पालक मात्र उकळत्या पाण्यातून काढून दोन्ही हातांनी पिळायचा. जुडीभर पालकाचा लिंबाएवढा गोळा उरला तर बरोबर.

चिंचगूळ

एअर फ्रायरही आहे जाऊबाईंकडे. तो आणू का? म्हणजे खेपा कमी होतील.

ओव्हनवाली

आणा. १८० अंशांवर पंधरा-सोळा मिनिटं, एका वेळी चार-पाच. पण त्यात वरून रंग लवकर येतो आणि खाली कच्चं राहतं, म्हणून दहा मिनिटांनी उलटायचे. बेकिंग पेपर घातलात तर रोलच्या आकाराइतकाच, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने तो उडून वरच्या कॉइलला लागतो.

खेपा कमी करायचा दुसराही मार्ग आहे. सोळा रोल शनिवारी सकाळी, कार्यालयात जायच्या आधी, घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी भाजायला सांगा (तुम्हाला नाही!). जाळीवर पूर्ण गार झाले की डब्यात. रविवारी १६० अंशांवर सात-आठ मिनिटं, पुन्हा कडक. मायक्रोवेव्ह नाही, त्यात पाव मिनिटात चामडं होतं. पण हे फक्त मटारचे. पनीरवाले मे महिन्यात दिवसभर बाहेर ठेवायचे नाहीत. मटारवाल्यांतही ओलं खोबरं आहे, त्यामुळे भाजून गार झाले की तेही फ्रिजमध्ये.

आणि भाजलेले रोल वाढताना कॅसरोलमध्ये झाकून ठेवू नका. हे सांगूनही प्रत्येक घरात कोणीतरी काकू येऊन "गार होतील" म्हणून झाकण घालतेच. उघड्या जाळीवर राहू द्या, गार झालेला कडक रोल गरम मऊ रोलपेक्षा बरा लागतो.

न्यूजर्सी_माई

त्या काकूंना आधीच दुसरं काहीतरी काम देऊन बसवा :)

रसायन

एक शंका. पाकिटावर 'वितळल्यावर पुन्हा गोठवू नका' असं छापलेलं असतं. शीट वितळवून, भरून परत फ्रीझरमध्ये टाकायला सांगताय, त्याचं काय?

ओव्हनवाली

रास्त शंका. तो इशारा शीट पूर्ण मऊ होऊन तासन् तास बाहेर राहिली तर आहे, आणि ज्या सारणात मांस-मच्छी आहे तिथे तो काटेकोर पाळायचाच. आपण शीट घडी उघडण्यापुरतीच नरम करतोय, सारण फ्रिजमधून काढलेलं, आणि पट्टी भरली की लगेच परत फ्रीझरमध्ये. फुलण्यात उन्नीस-बीस फरक पडतो, तो मला मान्य आहे. ज्यांना नकोच असेल त्यांनी आदल्या रात्री भरून नुसते फ्रिजमध्ये ठेवावेत, सकाळपर्यंत सारण कोरडं असेल तर काही होत नाही. पण चिंचगूळताईंची आदली रात्र म्हणजे मुंजीची रात्र. त्यांनी फ्रीझरच धरावा.

गव्हाची_कोंडी

उशिरा आले. घरी पफ करायचाच असेल तर झटपट प्रकार: २५० ग्रॅम मैदा, पाव चमचा मीठ (नेहमीचं खारं लोणी असेल तर तेही नको), २०० ग्रॅम लोण्याचे बोराएवढे तुकडे, फ्रीझरमधून काढलेले. लोणी पिठात चोळून घालवायचं नाही, तुकडे दिसले पाहिजेत. बर्फाचं पाणी १२० मिलिलिटर, त्यात चमचाभर लिंबाचा रस, त्यानं कणीक सैलावते आणि लाटताना मागे ओढत नाही. गोळा ओबडधोबडच दिसेल, दिसू दे. लांबट लाटा, तिहेरी घडी, पाव वळसा फिरवून पुन्हा लाटा, पुन्हा घडी. मग अर्धा तास फ्रिज. परत दोन घड्या, परत फ्रिज. अशा चार घड्यांत रोलपुरते पदर येतात. अर्धा मैदा काढून कणीक घातली तरी चालते, फक्त पाणी दोन चमचे जास्त आणि फुगण्याची अपेक्षा कमी. हे @पोळीभाजीवादी यांच्यासाठी.

मे महिन्यात पुण्यात मात्र करू नका. डिसेंबरात करा.

चिंचगूळ

सगळ्यांचे मनापासून आभार! तर ठरलं: गुरुवारी सारणं, शुक्रवारी सकाळी सहाला एसी लावून भराभरी (मुलीला आणि नणंदेला हाताशी घेऊन), शनिवारी सोळा मटारचे भाजायचं काम नवऱ्याकडे, बाकीचे रविवारी एकेक खेप. बटाटे बुधवारी रात्रीच उकडून फ्रिजमध्ये.

एक शेवटचं. शीटच्या कडा वाकड्या असतात, त्या कापल्या तर उरलेल्या पट्ट्यांचं काय करायचं? गोळा करून परत लाटू?

ओव्हनवाली

मळू नका! मळल्या की पदर मोडले. एकावर एक आडव्या रचा, हलकेच लाटा, वर ओवा, तीळ, तिखट-मीठ, थोडं किसलेलं चीज. बोटभर रुंद पट्ट्या कापून पीळ द्या, २०० अंशांवर बारा-पंधरा मिनिटं. शुक्रवारी दुपारी चहाबरोबर घरातलेच संपवतील, पाहुण्यांसाठी ठेवायच्या फंदात पडू नका.

आणि गुरुवारी वीज जाते का हो तुमच्याकडे दुरुस्तीसाठी? जात असेल तर सारणं बुधवारीच करून ठेवा, भर मे महिन्यात फ्रिज बंद पडला तर पनीर आधी जाईल.

चिंचगूळ

बापरे, हो, जाते की! बुधवारीच करते.